धागा: ड्राइव्ह टेस्टमधून उतार २७ येतोय, हाटा म्हणतो ३५. कोण चुकतंय?

भटका_रिसीव्हर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण तीन आठवडे एकाच आकड्यापाशी अडकलोय आणि आता दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून हे जायला हवं.

काम असं आहे. एका शहरासाठी प्रोपगेशन मॉडेल, म्हणजे टॉवरपासून किती अंतरावर किती सिग्नल मिळेल ते सांगणारं सूत्र, ड्राइव्ह टेस्टने, म्हणजे गाडीतून सिग्नल मोजत फिरून, ट्यून करायचंय. ३० मीटर उंचीच्या गच्चीवर टेस्ट ट्रान्समीटर लावला, सीडब्ल्यू, म्हणजे मॉड्युलेशन नसलेला सरळ कॅरिअर, १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास. पॉवर २० वॉट म्हणजे ४३ डीबीएम, त्यातून केबलचे ३ डीबी वजा, ओम्नी, म्हणजे चहूबाजूंना सारखं फेकणाऱ्या, अँटेनाच्या गेनचे ६ डीबीआय अधिक, ईआयआरपी, म्हणजे गेनसकट बाहेर पडणारी पॉवर, झाली ४६ डीबीएम. गाडीच्या टपावर मॅग्नेटवाला छोटा अँटेना, जमिनीपासून साधारण दीड मीटर, आत स्कॅनर आणि जीपीएस. ६ किमीपर्यंतचे सगळे रस्ते पालथे घातले.

कॉस्ट २३१ हाटा या नेहमीच्या मॉडेलमध्ये हे आकडे टाकले की १ किमीला पाथ लॉस, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची घट, १३६ डीबी येतो, म्हणजे गाडीत उणे ९० डीबीएम मिळायला हवेत. मला मिळतात उणे ९१. इथपर्यंत छान. पण ३० मीटर उंचीला हाटाचा उतार आहे ३५.२ डीबी दर दशपट अंतराला, आणि माझ्या डेटातून रेषा काढली की येतो २७! सिग्मा, म्हणजे बिंदूंचा रेषेभोवतीचा पसारा, तर फक्त ६ डीबी, म्हणजे रेषा एकदम घट्ट बसलेली दिसते. सोबतचे सगळे म्हणतायत हाटा जुना झाला, तुमचं शहर मोकळं असेल, २७ घ्या आणि पुढे चला. मला पटत नाहीये. गच्चीवरून बघितलं तर चारी बाजूंना चार-पाच मजली इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत, मोकळं म्हणावं असं काहीच नाही. अशा ठिकाणी २७ कसा येईल?

नवशिकी_लहर

धागा वाचतेय, विषय नवीन आहे म्हणून एक बाळबोध प्रश्न. फ्री स्पेसचं सूत्र असताना हे हाटा वगैरे लागतंच कशाला? आणि सिग्नल मिळतोय तर आकडा उणे का?

जुना_लिंकबजेट

लहरताई, प्रश्न बाळबोध नाही, उलट इथूनच सुरुवात करायला हवी. आधी उणेचं बघू. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. उणे ९० म्हणजे १ मिलिवॉटचा अब्जावा भाग. फोन इतक्या बारीक पॉवरवर आरामात चालतो, म्हणून आकडे कायम उण्यातच दिसतात आणि शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल चांगला.

आता फ्री स्पेस. फ्रिसने १९४६ मध्ये ते साधं सूत्र मांडलं. दोन अँटेनांच्या मधे काहीही नाही, जमीनसुद्धा नाही, असं धरून. त्यात १८०० मेगाहर्ट्झ आणि १ किमी टाका, लॉस येतो ९७.५ डीबी. हाटा त्याच अंतराला १३६ सांगतो. फरक ३९ डीबीच्या जवळपास, म्हणजे सात हजार पटीहून जास्त. ही सात हजार पट पॉवर इमारतींच्या कडांवरून वाकताना, भिंतींवर आपटताना, जमिनीवरून परत फिरताना गेली. ती मोजायची सोय फ्रिसच्या सूत्रात नाही, म्हणून माणसं गाडी घेऊन रस्त्यावर उतरली. ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो आणि आसपास मोजमाप करून १९६८ मध्ये आलेख छापले, आणि १९८० मध्ये हाटाने त्या आलेखांना सूत्रात बसवलं जेणेकरून कॉम्प्युटरला खायला घालता येईल. म्हणजे आपण ज्याला हाटाचं मॉडेल म्हणतो तो मुळात ओकुमुराचा घाम आहे. (२०१३ चं ड्रेपर पारितोषिक मोबाइल फोनच्या पायाभूत कामासाठी पाच जणांना मिळालं त्यात ओकुमुरा होते, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. मोजणाऱ्या माणसाला असा मान सहसा मिळत नाही.)

भटकेदादा, आता तुमच्याकडे येतो. हाटाचा उतार म्हणजे ४४.९ वजा ६.५५ गुणिले अँटेनाच्या उंचीचा लॉग. उंची वाढली की उतार कमी होतो. उलटं गणित करून बघितलं, हाटाकडून २७ काढून घ्यायचा तर अँटेना साधारण ५४० मीटरवर न्यावा लागेल! आणि हाटाची हद्दच २०० मीटरला संपते. तुम्ही ३० मीटरवर आहात. तेव्हा तुमची शंका रास्त आहे, २७ डोळे झाकून घेऊ नका.

कडकसिग्नल

मला वाटतं १८०० ला हवेतच जास्त लॉस होतो, ९०० ला कमी, त्यामुळे फ्रिक्वेन्सीचा काही घोळ असू शकेल का?

जुना_लिंकबजेट

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून थोडं थांबून लिहितो. मोबाइलच्या नेहमीच्या बँडमध्ये हवा जवळपास काहीच खात नाही. ६० गिगाहर्ट्झला ऑक्सिजन किलोमीटरमागे १५ डीबीच्या आसपास खातो, ती गोष्ट वेगळी. फ्रिसच्या सूत्रात फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की ६ डीबी वाढतात ते अँटेनामुळे. तरंगलांबी अर्धी झाली की त्याच गेनच्या अँटेनाची ऊर्जा गोळा करायची ओंजळ चौथ्या हिश्शाची होते. लाट तितकीच येतेय, झेलणारा हात लहान झालाय. खरा फ्रिक्वेन्सीचा फटका बसतो तो कडांवरून वाकताना आणि भिंतीतून आत शिरताना. आणि तसंही फ्रिक्वेन्सीने रेषा वर-खाली सरकते, उतार बदलत नाही, निदान हाटामध्ये तरी नाही. धागाकर्त्याचा प्रश्न उताराचा आहे.

अँटेनावाली

मी जवळच्या टोकापासून सुरुवात करते. भटकेदादा, तुमच्या डेटात सगळ्यात जवळचा बिंदू किती मीटरवर आहे? आणि फिट करताना तो धरलाय का?

भटका_रिसीव्हर

गच्चीच्या खालच्या रस्त्यापासूनच सुरुवात केलीये, म्हणजे साधारण ५०-६० मीटरपासून सगळं धरलंय. जितका डेटा जास्त तितकं चांगलं असं डोक्यात होतं.

अँटेनावाली

तिथेच एक गळती आहे. बघा, अँटेना ३० मीटरवर, गाडीचा दीडवर, फरक साडेअठ्ठावीस. ६० मीटर लांब उभे असाल तर गच्चीवरून गाडीकडे बघायला साधारण २५ अंश खाली बघावं लागतं. ६ डीबीआयच्या ओम्नीचा उभा बीम असतो वीस-पंचवीस अंशांचा, म्हणजे मधल्या रेषेच्या खाली जेमतेम दहा-बारा अंश. तुमची गाडी बीमच्या बाहेर, खालच्या अंधारात होती. तुम्ही मात्र हिशोबात ६ डीबीआय पूर्ण धरलेत. त्यामुळे जवळचे बिंदू खऱ्यापेक्षा कमकुवत दिसले आणि रेषेचं डावं टोक खाली बसलं. डावं टोक खाली बसलं की उतार आपोआप सौम्य होतो!

३०० मीटरवर गेलात की कोन उरतो साडेपाच अंशांच्या आत, तिथून पुढे काळजी नाही. आणखी एक, हाटाची हद्द १ ते २० किमी आहे. तुम्ही ६० मीटरचे बिंदू घेऊन त्याच्याशी तुलना करताय हे मुळात त्याच्यावर अन्याय आहे.

टपावरचा अँटेनाही बघा जरा. टपाच्या मधोमध बसवला होता की कडेला? कडेला असेल तर एका बाजूला जास्त ऐकतो एका बाजूला कमी. त्याने उतार बदलणार नाही पण सिग्मा फुगतो.

भटका_रिसीव्हर

मधोमधच होता ताई, केबलचा लॉसही मीटरवर मोजून घेतला होता. जवळचं पटलं. ३०० मीटरच्या आतलं सगळं काढून परत फिट केलं, उतार २७ वरून २९ झाला. सुधारणा आहे पण ३५ अजून लांब आहे.

रात्रपाळी

फील्डवर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून विचारतो, राग मानू नका. सॅम्पल वेळेवर घेतले की अंतरावर? म्हणजे सेकंदाला इतके असे, की चाक फिरलं की असे?

मी नवीन असताना वेळेवर घ्यायचो. एका चौकात लाल दिव्याला दीड मिनिट उभा राहिलो, समोर थेट टॉवर दिसत होता, आणि त्या एका जागेचे हजारो सॅम्पल फाइलमध्ये जाऊन बसले. पुढे अख्ख्या गल्लीला मिळून त्याच्या निम्मेही नव्हते. फिट त्या चौकाकडे झुकला आणि मला दोन दिवस कळेना की असं का होतंय. तेव्हापासून आधी रस्त्याचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची एक सरासरी, आणि प्रत्येक तुकड्याला एकच मत.

तुकडा किती लांब घ्यायचा याला लीचा १९८५ चा नियम आहे, ४० तरंगलांब्या आणि त्यात ३६ ते ५० सॅम्पल, म्हणजे फास्ट फेडिंग, म्हणजे पावलागणिक होणारा सिग्नलचा चढउतार, पुसलं जातं आणि स्थानिक सरासरी १ डीबीच्या आत हाती लागते. १८०० ला तरंगलांबी १६.७ सेंमी, ४० म्हणजे ६.७ मीटर. ६० च्या वेगाने गाडी तेवढं अंतर ०.४ सेकंदात कापते, म्हणजे ५० सॅम्पलला सेकंदाला सव्वाशे लागतात. स्कॅनरला जमतं. म्हणूनच कुणी फोनवर ॲप टाकून मॉडेल ट्यून करतो म्हटलं की मला धडकी भरते, ॲप सेकंदाला एखाद-दोन आकडे दाखवतं, तेही आतल्या आत गाळून घेतलेले. कव्हरेज आहे की नाही बघायला फोन उत्तम, मॉडेल ट्यून करायला नाही. आणि फोनवरच्या दांड्यांचा तर विषयच नको, किती डीबीएमला किती दांड्या हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते.

सरासरी काढताना डीबीचे आकडे सरळ बेरीज करून भागू नका. आधी मिलिवॉट करा, सरासरी काढा, मग परत डीबीत न्या. रेले फेडिंग असेल, म्हणजे थेट लाट नसून नुसत्या आपटून आलेल्या लाटा मिसळत असतील, तर थेट डीबीची सरासरी अडीच डीबीने कमी येते.

नवशिकी_लहर

अडीच डीबी नुसत्या सरासरी काढण्याच्या पद्धतीवरून? वाचनखूण साठवली 🙏

भटका_रिसीव्हर

सॅम्पल अंतरावरच आहेत, तुकडे ७ मीटरचे, सरासरी मिलिवॉटमध्ये. ते नीट केलंय. ट्रान्समीटर बंद ठेवून आधी एक फेरीही मारली होती, चॅनल रिकामा होता, दुसरं कुणी बोलत नव्हतं.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक थ्रेशोल्ड आहे, उणे ११० डीबीएमच्या खालचं काही आलं तर ते गोंगाट समजून फाइलमध्ये लिहीतच नाही. तेव्हा गोंगाटही डेटात आलेला नाही. मग अजून काय उरलं?

शेषांक

थांबा थांबा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच उत्तर आहे.

उणे ११० च्या खालच्या ओळी फाइलमध्ये नाहीत. आता ४ किमीवर हाटाप्रमाणे सरासरी किती असायला हवी? उणे १११. शॅडोइंगमुळे, म्हणजे इमारतींच्या सावलीमुळे, काही तुकडे त्याच्या वर, काही खाली. जे वर गेले ते तुमच्या फाइलमध्ये आले, जे खाली गेले ते पुसले गेले. म्हणजे लांबच्या टोकाला तुमच्याकडे फक्त नशीबवान रस्त्यांची नोंद आहे! त्यांची सरासरी काढली की ती खऱ्यापेक्षा वर येणारच, उजवं टोक उचललं जाणार, आणि उतार सौम्य होणार. अँटेनावाली ताईंनी डावं टोक खाली बसलेलं दाखवलं, उजवं टोक वर उचललेलं, दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतायत.

आणि तो सिग्मा ६? ज्याच्यामुळे रेषा घट्ट बसलीय असं वाटत होतं? वाटणीची खालची बाजूच कापून टाकली तर पसारा कमी दिसणारच. चांगला सिग्मा हेच इथे आजाराचं लक्षण आहे.

खात्री करायची असेल तर एक सोपं काम करा. जीपीएसची फाइल वेगळी असेल तर ती उघडा, गाडी जिथून जिथून गेली त्या सगळ्या तुकड्यांची यादी काढा, आणि त्यातल्या किती तुकड्यांना सिग्नलची ओळच नाही ते अंतरानुसार मोजा.

भटका_रिसीव्हर (रात्री १:१०)

झोप लागली नाही म्हणून आत्ताच केलं.

१ किमीच्या आसपास जवळपास सगळे तुकडे भरलेले. ३ किमीला भोकं दिसायला लागतात. ४ किमीला निम्मे तुकडे गायब!! ५ किमीला १० पैकी ७ गायब. नकाशावर टाकलं तर मोठ्या सरळ रस्त्यांवर ठिपके आहेत, टॉवरच्या दिशेने तोंड करून असलेल्या रस्त्यांवर, आणि आडव्या गल्ल्यांमधून गाडी गेलीये पण तिथे नुसता पांढरा कागद. तीन आठवडे मी हा नकाशा बघतोय आणि मला पांढरा भाग कधी दिसलाच नाही, मी ठिपकेच बघत होतो.

शेषांकराव, मनापासून आभार. आता यातून बाहेर कसं पडायचं? लांबचा डेटा टाकूनच द्यायचा का?

शेषांक

टाकून देणं हा एक मार्ग आहे, पण महाग पडतो. सिग्मा ८ धरला तर सरासरी थ्रेशोल्डच्या १६ डीबी वर असेल तिथपर्यंतच सुरक्षित म्हणता येईल, म्हणजे उणे ९४, म्हणजे १.३ किमी. ३०० मीटर ते १.३ किमी एवढ्या पट्ट्यावर उतार काढणार का? नको.

दुसरा मार्ग, न ऐकू आलेल्या तुकड्यांनाही मत द्यायचं. "इथे काही आलं नाही" म्हणजे "इथे उणे ११० पेक्षा कमी आहे". नेमका आकडा माहीत नाही पण मर्यादा माहीत आहे, आणि तेवढी माहिती गणिताला पुरते. ज्या तुकड्याला आकडा आहे तिथे नेहमीप्रमाणे रेषेपासून किती लांब ते बघायचं, ज्याला नाही तिथे रेषेच्या मते सिग्नल उणे ११० च्या खाली असण्याची शक्यता किती ते घ्यायचं, आणि सगळ्यांची मिळून शक्यता जास्तीत जास्त होईल अशी रेषा आणि सिग्मा शोधायचा. अर्थशास्त्रात टोबिनने १९५८ मध्ये हेच केलं, तिकडे याला टोबिट म्हणतात. वीस-पंचवीस ओळींचा कोड आहे.

फक्त एक काळजी घ्या, जीपीएस गेला म्हणून रिकामा तुकडा आणि सिग्नल गेला म्हणून रिकामा तुकडा यांची गल्लत करू नका. बोगद्यात किंवा स्कॅनर बंद असताना गाडी पुढे गेली असेल तर ते तुकडे यादीतून काढा.

रात्रपाळी

शेषांकरावांचं बरोबरच, पण मी म्हणतो मुळात कान का बहिरा ठेवायचा? भटकेदादा, स्कॅनरची बँडविड्थ किती ठेवली होती?

भटका_रिसीव्हर

२०० किलोहर्ट्झ. आधीच्या कामाची सेटिंग होती तीच राहिली.

रात्रपाळी

मग हा घ्या हिशोब. थर्मल नॉइज दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम. २०० किलोहर्ट्झ म्हणजे ५३ डीबी अधिक, रिसीव्हरची नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेली भर, ७ धरा, गोंगाटाचा तळ झाला उणे ११४. म्हणून तुमचं सॉफ्टवेअर उणे ११० च्या खाली विश्वास ठेवत नाही, त्याचं काही चुकलेलं नाही. पण तुमचा सिग्नल आहे सीडब्ल्यू, एक बारीक रेघ! तिला २०० किलोहर्ट्झचा दरवाजा कशाला? १० किलोहर्ट्झ करा. तळ जातो उणे १२७ वर, थ्रेशोल्ड उणे १२३ ठेवता येतो, फुकटात १३ डीबी मिळाले. डॉपलरची, म्हणजे गाडीच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकण्याची, भीती नको, १८०० ला ६० च्या वेगाने डॉपलर फक्त १०० हर्ट्झ. ट्रान्समीटरचा ऑसिलेटर १ पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग, हलला तरी १.८ किलोहर्ट्झ, दरवाजातच राहतो.

आणि टाकी भरून लांबचे रस्ते परत मारा. आडव्या गल्ल्या आधी.

डेटापाखरू

सगळं वाचलं, मस्त चाललंय. पण एक वेगळा मुद्दा. अजून लॉगची एकच सरळ रेषा कशाला ओढताय? इमारतींची उंची, झाडं, रस्त्याची दिशा हे सगळं देऊन मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवा. मी एका डेटावर केलं, टेस्ट सेटवर, म्हणजे शिकवताना बाजूला ठेवलेल्या डेटावर, चूक ३ डीबी आली, हाटाची ९ होती.

शेषांक

टेस्ट सेट कसा वेगळा काढलात? सगळे तुकडे एकत्र करून त्यातले २० टक्के चिठ्ठ्या टाकून?

डेटापाखरू

हो, नेहमी करतात तसंच.

शेषांक

मग ते ३ डीबी खरे धरू नका. शॅडोइंग शेजारी-शेजारी सारखंच असतं, एका इमारतीची सावली पन्नास मीटर पुरते. थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या ३८.९०१ अहवालातही शहरी मॅक्रो सेलला (छपरांच्या वरचा अँटेना), थेट दिसत नसताना, हे अंतर ५० मीटर धरलंय, मायक्रोला (छपरांच्या खालचा अँटेना) १३. तुमचे तुकडे ७ मीटरचे. म्हणजे टेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेले होते. मॉडेलने शेजाऱ्याचं उत्तर बघून लिहिलं. अख्खे रस्ते, शक्य तर अख्खी साइट बाजूला ठेवा आणि मग बघा. मी विरोधात नाही, इमारतींची माहिती दिली की फायदा होतोच, पण किती होतो ते प्रामाणिकपणे मोजायला हवं. आणि पुसलेल्या ओळींचा रोग तुमच्या मॉडेललाही लागतो बरं का, उलट जास्त, ते लांबच्या गल्लीतही सिग्नल चांगला असतो हेच शिकेल.

डेटापाखरू

हे पटलं. दोन रस्ते पूर्ण बाजूला ठेवून परत चालवलं, चूक ६.८ आली. तरी हाटापेक्षा बरी आहे, पण ३ आणि ६.८ मध्ये फार फरक आहे. सगळ्यांना ३ सांगून बसलो होतो, आता दुरुस्ती पाठवतो.

अँटेनावाली

जाता जाता एक. हे सगळे आकडे रस्त्यावरचे, टपावरच्या अँटेनाचे आहेत. माणसं फोन घरात वापरतात. ३८.९०१ मधली सूत्रं लावली तर ३.५ गिगाहर्ट्झला साध्या काचेचे २.७ डीबी, काँक्रीटचे १९, आणि उष्णता परतवणाऱ्या थराच्या काचेचे २४. म्हणजे तसली काच काँक्रीटपेक्षा जास्त अडवते! नवीन काचेच्या इमारतींना रस्त्याचा आकडा लावून मोकळे होऊ नका.

भटका_रिसीव्हर

उशीर झाला उत्तर द्यायला, पण हातात आकडे आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी जुनाच डेटा घेतला, ३०० मीटरच्या आतलं काढलं, आणि गायब तुकडे "उणे ११० पेक्षा कमी" म्हणून धरून शेषांकरावांच्या पद्धतीने फिट केलं. उतार आला ३३.८, सिग्मा ८.२. मग १० किलोहर्ट्झ करून लांबचे रस्ते दोन दिवस परत मारले. यावेळी ६ किमीलासुद्धा पाचातला एकच तुकडा गायब आहे. त्याचा फिट उतार ३४.५, सिग्मा ८, १ किमीला उणे ९०. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळजवळ एकाच जागी पोचलो, त्यामुळे आता मन शांत आहे. हाटा ३५.२ म्हणत होता.

सोबतच्यांना पटवायला एक गणित मांडलं ते इथेही देतो. समजा आमच्या टेस्ट सेटअपवर सेलच्या कडेला किमान उणे १०५ हवं आणि तिथे ९० टक्के जागी मिळायला हवं. नुसती रेषा घेतली तर कडेला निम्म्याच जागी मिळतं, म्हणून सिग्माच्या १.२८ पट मार्जिन ठेवायचं. जुन्या फिटने मार्जिन ७.७ डीबी, त्रिज्या १.७ किमी. नव्याने मार्जिन १०.२, त्रिज्या १.४ किमीच्याही किंचित आत. क्षेत्रफळात दीडपटीचा फरक! म्हणजे जिथे तीन टॉवर लागणार तिथे आम्ही दोनच उभे केले असते आणि मग लोक म्हणाले असते इथे फोन लागत नाही, आणि आम्ही मॉडेलकडे बोट दाखवलं असतं. हे गणित बघितल्यावर सगळे गप्प झाले आणि जुना फिट मागे घेतला.

नकाशाही बदललाय. गायब तुकडे आता राखाडी रंगात छापतो, मोकळे सोडत नाही.

पुढची साइट २० मीटरच्या गच्चीवर आहे. हाटा ३० च्या खाली चालत नाही, म्हणून कॉस्ट २३१ चं वॉल्फिश-इकेगामी लावायचा विचार आहे, ते ४ ते ५० मीटरला चालतं. कुणी लावलंय का?

जुना_लिंकबजेट

लावलंय. ते छपरांवरून उड्या मारत येणाऱ्या लाटेचा हिशोब करतं, त्यामुळे छपरांची सरासरी उंची, इमारतींमधलं अंतर, रस्त्याची रुंदी आणि रस्ता लाटेच्या दिशेशी किती अंशात आहे हे सगळं मागतं. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तुमचा अँटेना छपरांच्या वर आहे की खाली. तुमच्या चार-पाच मजली इमारती म्हणजे १५ मीटरच्या आसपास, अँटेना २० ला, म्हणजे जेमतेम वर. छपरांच्या उंचीत २-३ मीटर चुकलात तरी उत्तर बरंच हलेल. मोबाइलचा नकाशा बघून उंची धरू नका, निदान ट्रान्समीटरभोवतीच्या दोन-तीन रांगा लेझर मीटरने मोजून घ्या.

भटका_रिसीव्हर

लेझर मीटर आहे. शनिवारी जातो, मोजून इथेच टाकतो.